दळण थोडं आणा, ताजं न्या
(आमच्या गिरणीतर्फे ग्राहकांसाठी)

दरवर्षी जानेवारीत आमच्याकडे मोठमोठे डबे येतात. दहा किलो बाजरी, पाच किलो नाचणी, शिवाय सोयाबीन, जव. घरात उद्यापासून पोळी बंद म्हणून ठरलेलं असतं. महिन्याभराने तोच डबा परत येतो. पीठ कडू झालेलं, घरातले कंटाळलेले. यात धान्याचा काहीच दोष नसतो, बेत एकदम मोठा केलेला असतो.

म्हणून आमचं सांगणं आहे की गव्हाचं दळण चालू राहू द्या आणि त्यासोबत फक्त एक किलो ज्वारी आणा. आठवड्यातून तीन रात्री भाकरी, एवढंच ठरवा. रात्रीच का, तर सकाळी डब्याची घाई असते आणि गार भाकरी डब्यात वातड होते. रात्री ती तव्यावरून थेट ताटात पडते, मग मुलंही खातात.

भाकरी फाटते म्हणून अनेक जणी ती सोडून देतात. ज्वारीत गव्हासारखा ग्लूटेन, म्हणजे पीठ चिकट धरून ठेवणारं प्रथिन, नसतो, त्यामुळे पीठ एकमेकांना धरून राहत नाही. पीठ जुनं झालं की विरी, म्हणजे उरलासुरला चिकटपणाही, जाते आणि थापताना कडा चिरतात. उपाय दोन. आठ-दहा दिवसांत संपेल एवढंच दळा. आणि परातीत पिठाच्या मधोमध आळं करून त्यात कडकडीत पाणी घाला, चमच्याने कालवा, दोन मिनिटं झाका, मग तळहाताने रगडून मळा. एका वेळी एकाच भाकरीचं पीठ मळायचं. तव्यावर टाकल्यावर वरून पाणी फिरवायचं आणि ते सुकायच्या आत उलटायची.

बाजरीचं पीठ तर त्याहून लवकर बिघडतं. बाजरीत स्निग्धांश जास्त, दळल्यावर त्याला हवा लागते आणि उन्हाळ्यात आठवड्याच्या आत कडवट वास येतो. बाजरी अर्धा किलोच आणा, तीही थंडीत. भोगीला तीळ लावलेली भाकरी आपण करतोच, तिथूनच सुरुवात होऊ द्या. नाचणीचं पीठ आंबिलीला किंवा घावनाला थोडंसं लागतं. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, गव्हात त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास.

गव्हाचं पीठ मैद्याच्या चाळणीने चाळू नका. कोंडा म्हणून जे फेकलं जातं, त्यातच तंतू असतात. सुरुवातीला पोळी जरा जाडसर लागेल, पंधरा दिवसांत जिभेला सवय होते.

भाकरीसोबत काय खाता, तेही तितकंच महत्त्वाचं. ज्वारीच्या प्रथिनात लायसीन हा शरीराला लागणारा घटक कमी, डाळी-कडधान्यांत ते भरपूर. पिठलं-भाकरी, मटकीची उसळ-भाकरी ही जोडी म्हणूनच पूर्ण आहे. रात्री ओटा पुसताना मूठभर मटकी भिजत घाला. ओटा रोज पुसला जातोच, मग मटकीचा विसर पडत नाही. उसळीवर लिंबू पिळलं की लोह जास्त अंगी लागतं. जेवणाला लागून घेतलेला चहा मात्र तेच लोह अडवतो, तो तासाभराने घ्या.

मीठ माणशी दिवसाला ५ ग्रॅमच्या आत असावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे जेमतेम एक चहाचा चमचा, त्यात पापड, लोणचं, फरसाणही आलं.

मधुमेह असलेल्यांनी नीट ऐकावं. भाकरी हे औषध नाही, तिच्यातही पिष्टमय पदार्थ आहेतच. दीड भाकरी आणि वाटीभर भाजी वेगळी, चार भाकऱ्या वेगळ्या. गोळ्या परस्पर बंद करू नका. आणि डॉक्टरांनी ज्यांना गहू पूर्ण वर्ज्य सांगितला आहे, त्यांनी आमच्याकडे दळू नये. जात्यात आधीच्या गव्हाचं पीठ राहतंच.

बाकी सगळ्यांचं ज्वारीवर ज्वारी टाकूनच दळून देऊ. एक किलोचं दळण आणायला संकोचू नका. डबा ठेवून जा, आधीच्या ज्वारीचा नंबर लागला की लगेच तुमची टाकतो.