अझोर्सची जंगले आणि किड्यांची उशिरा झालेली मोजदाद

अटलांटिकमधल्या अझोर्स बेटांवर पोर्तुगीज वस्ती झाली ती १५ व्या शतकात. त्याआधी नऊही बेटे बहुतांशी जंगलाने झाकलेली होती. पुढे कुरणे आली, क्रिप्टोमेरिया या जपानी वृक्षाची लागवड आली. संत्र्यांच्या बागांना वाऱ्याचा आडोसा म्हणून लावलेले पिटोस्पोरम हे बाहेरचे झाड रानोमाळ पसरले. मूळचे जंगल आज ५ टक्क्यांहूनही कमी उरले आहे, तेही मुख्यतः नांगर पोचला नाही अशा उंचावर.

किडे गोळा करणारे इथे लवकर पोचले होते. शेजारच्या मदेरा बेटावर इंग्रज कीटकतज्ज्ञ वुलस्टनने १८४७ पासून भुंगेरे जमवले. त्यातल्या ५५० जातींपैकी २०० उडूच शकत नाहीत, या नोंदीचा डार्विनने १८५९ मध्ये आधार घेतला. अझोर्सला इंग्रज निसर्गअभ्यासक गॉडमन १८६५ मध्ये येऊन गेला. पण अशा संग्रहांतून जातींची यादी मिळते, तुलना करता येत नाही. कोण किती वेळ हिंडला, किडे पाडायला कुठली झाडे झोडली, याची सारखी नोंदच नसते. एखादी जात यादीत नाही म्हणजे ती तिथे नव्हती, की कुणी शोधलीच नाही?

ही अडचण सुटली १९९० च्या दशकाअखेर सुरू झालेल्या ‘बाला’ या अझोर्सच्या जंगलांतले किडे मोजणाऱ्या प्रकल्पात. पाउलो बोर्जेस यांच्या गटाने सगळीकडे एकच पद्धत वापरली: १५० मीटर लांब, ५ मीटर रुंद पट्टा आणि त्यात चालते किडे पडावेत म्हणून ५-५ मीटरवर जमिनीत पुरलेले ३० पेले. १५ पेल्यांत बिअर, क्लोरल हायड्रेट, फॉर्मॅलिन आणि अॅसेटिक अॅसिडचे आकर्षक मिश्रण. उरलेल्या १५ मध्ये एथिलीन ग्लायकॉल, जे किड्यांना ओढत नाही, फक्त टिकवते. दोन आठवड्यांनी पेले उचलायचे. पेल्याची कड मातीच्या वर राहिली की चालता कोळी वळसा घालून निघून जातो. वर झाकण नसेल तर पाऊस द्रावण पातळ करतो आणि आतले सगळे सडते. झाडांवरच्या किड्यांसाठी पट्ट्यातल्या तीन प्रमुख वृक्षजाती घ्यायच्या, प्रत्येकीचे १० नमुने आणि प्रत्येक नमुन्याला काठीचे पाच फटके. हे काम कोरड्या दिवशीच करावे लागते, कारण ओल्या पानांवरून पाणीच जास्त पडते आणि बारीक किडे खाली धरलेल्या कापडाला चिकटून बसतात. मग खरे कष्टाचे काम: कोळ्यांची पिल्ले! अनेकदा जात ठरवणारे अवयव प्रौढांतच दिसतात, त्यामुळे पिल्ले ओळखणे फार अवघड जाते.

अशा सारख्या मोजणीमुळेच २०१० मध्ये एक कठोर हिशेब मांडता आला. एवढ्याशा जंगलात इतक्या जाती टिकणे शक्य नाही. जंगलावरच अवलंबून असलेल्या उरल्यासुरल्या जातींपैकी निम्म्याहून अधिक कालांतराने नष्ट होऊ शकतात. तोड झाली काही शतकांपूर्वी, तिची किंमत अजून पुरती वसूल झालेली नाही. या नोंदींमधले हे आम्हाला सर्वांत महत्त्वाचे वाटते.

२०१२ पासून जंगलात उडते किडे पकडणारे, तंबूसारखे ‘स्लॅम’ सापळे कायमचे उभे असून त्यांच्या बाटल्या साधारण दर तीन महिन्यांनी बदलल्या जातात.