ओशन रेंजर: हिवाळी वादळात रिगचा तोल कसा गेला

कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटावरील सेंट जॉन्स बंदरापासून पूर्वेला सुमारे २६७ किलोमीटरवर, ग्रँड बँक्स नावाच्या उथळ समुद्रपट्ट्यात, फेब्रुवारी १९८२ मध्ये तेलाच्या शोधासाठी तीन तरंगत्या रिग, म्हणजे विहिरी खोदणारे मंच, काम करत होत्या. १४ तारखेला तिथे वादळ आले. वाऱ्याचा वेग ताशी दीडशे किलोमीटरच्या पुढे गेला आणि लाटा १८ ते २० मीटर, म्हणजे सहामजली इमारतीइतक्या उंच झाल्या. सेडको ७०६ आणि झापाटा उगलँड या दोन रिग त्यातून तरल्या. तिसरी, ओशन रेंजर, त्या तिघींत सर्वांत मोठी आणि आपल्या काळातल्या सर्वांत भक्कम रिगांपैकी एक मानली जाणारी, १५ तारखेच्या पहाटे बुडाली आणि तिच्यावरच्या ८४ जणांपैकी एकही वाचला नाही. वादळ तेच, समुद्र तोच. मग हीच रिग का बुडाली, हा प्रश्न भर समुद्रातल्या हिवाळी कामाचे शास्त्र समजून घेण्यासाठी फार मोलाचा आहे.

वादळ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे अरबी समुद्रातले किंवा बंगालच्या उपसागरातले चक्रीवादळ येते. ते कोमट समुद्राच्या बाष्पावर पोसले जाते आणि जमिनीवर आले की लवकर विरते. उत्तर अटलांटिकमधले हिवाळी वादळ निराळ्या कारणाने जोर धरते. कॅनडाच्या भूभागावरून येणारी अतिथंड, कोरडी हवा आणि गल्फ स्ट्रीम या उष्ण सागरी प्रवाहावरची उबदार हवा तिथे समोरासमोर येतात, आणि त्यांच्या तापमानांतील तफावत हेच त्या वादळाचे इंधन असते. हवेचा दाब कधी कधी एका दिवसात इतका झपाट्याने उतरतो की सकाळी ठीक वाटणारा समुद्र संध्याकाळी ओळखू येत नाही. शिवाय अशा वादळाचा विस्तार हजार किलोमीटरांहून अधिक असू शकतो, त्यामुळे वाऱ्याला लाटा वाढवत नेण्यासाठी लांबच लांब मोकळा समुद्र मिळतो. त्यातच कडाक्याची थंडी असते. समुद्राचे खारे पाणी उणे १.९ अंश सेल्सिअसच्या आसपास गोठते. हवा त्याहून बरीच थंड असली तर लाटांचे तुषार रेलिंगवर, क्रेनवर आणि शिड्यांवर बर्फ होऊन बसतात आणि उंचावर वाढलेले हे वजन तोल बिघडवते.

अशा समुद्रात रिग टिकते कशी? मुंबई हायवर १९७४ मध्ये पहिली विहीर खोदणारी आपली ‘सागर सम्राट’ समुद्रतळावर पाय रोवून उभी राहणारी रिग होती. ओशन रेंजरही तिच्यासारखीच जपानमध्ये मित्सुबिशीच्या गोदीत बांधली गेली होती, परंतु ती अर्धबुडी तरंगती रिग होती. तिच्या तळाशी दोन प्रचंड पोकळ तराफे, त्यांवर आठ जाड खांब आणि खांबांवर डेक, अशी रचना होती. बारा नांगर तिला जागेवर धरून ठेवत. तराफे पाण्याखाली सुमारे २४ मीटर खोल असत. लाटेची हालचाल पृष्ठभागावर सर्वाधिक असते आणि खोलीबरोबर झपाट्याने कमी होते. आठ सेकंदांना एक येणाऱ्या लाटेची लांबी खोल समुद्रात सुमारे १०० मीटर असते, आणि तिची हालचाल २५ मीटर खोलीवर पृष्ठभागाच्या जेमतेम पाचवा भाग उरते. वादळातल्या चौदा सेकंदांच्या लाटेची लांबी मात्र ३०० मीटरच्या घरात जाते आणि त्याच खोलीवर तिची निम्म्याहून अधिक हालचाल शिल्लक असते. म्हणून अभियंते दुसराही उपाय योजतात. पाण्याच्या पातळीशी फक्त खांबांचाच छेद येत असल्यामुळे रिगच्या वर-खाली होण्याचा स्वतःचा आवर्तकाल, म्हणजे एका झोक्याला लागणारा वेळ, वीस सेकंदांच्या आसपास किंवा त्याहून जास्त ठेवता येतो. झोपाळ्याला त्याच्या लयीत धक्के दिले तरच तो उंच जातो. लाटांची लय आणि रिगची लय जुळत नाही तोवर ती बरीचशी शांत राहते.

एवढे करूनही लाट किती उंच येईल याचा नेम नसतो. १ जानेवारी १९९५ रोजी उत्तर समुद्रातल्या ड्रॉपनर या नॉर्वेजियन प्लॅटफॉर्मवरच्या लेझर उपकरणाने २५.६ मीटर उंचीची लाट नोंदवली. त्या वेळी तिथल्या मोठ्या लाटांची सरासरी उंची १२ मीटरच्या जवळपास होती. खलाशी पिढ्यान्‌पिढ्या ज्या राक्षसी लाटांविषयी सांगत आले होते, त्यांचा हा पहिला पक्का पुरावा मानला जातो.

वादळाचा इशारा आला की रिगवरचे काम थांबते. क्रेन बांधून ठेवतात, डेकवरचे सुटे सामान जखडतात, विहिरीतले पाइप समुद्रतळावरच्या झडपसंचात लटकते ठेवतात आणि विहीर बंद करून रिगला जोडणारी नळी सोडवतात. ओशन रेंजरवर त्या दिवशी वादळ इतक्या लवकर भिडले की पाइप नीट लटकता ठेवायलाही सवड मिळाली नाही; तो कापून टाकावा लागला आणि मग नळी सोडवली गेली. इथवर सारे आटोक्यात होते.

रिगच्या एका खांबात, पाण्याच्या पातळीपासून सुमारे साडेआठ मीटर उंचीवर, बॅलास्ट नियंत्रणाची खोली होती. तराफ्यांतल्या टाक्यांत समुद्राचे पाणी घेऊन किंवा उपसून रिग समतोल ठेवायची, हे इथले काम. रिगचे प्राण खऱ्या अर्थाने या खोलीत होते. या खोलीला गोल खिडक्या होत्या आणि प्रत्येक खिडकीला आतून लावायचे पोलादी झाकणही होते. त्या संध्याकाळी ती झाकणे लावलेली नव्हती. रात्री आठच्या सुमारास एका लाटेने खिडकीची काच फुटली आणि खारे पाणी नियंत्रण-पॅनेलवर आले. जवळच्या रिगवरच्या लोकांनी रेडिओवर ओशन रेंजरवरची बोलणी ऐकली होती: काच फुटली आहे, पाणी पुसून काढत आहोत, पॅनेलला विजेचा धक्का बसतो आहे.

खारे पाणी विजेचे उत्तम वाहक असते. त्यामुळे कुणी बटण न दाबताही बॅलास्ट टाक्यांच्या झडपा उघडू शकतात. चौकशी आयोगाच्या निष्कर्षानुसार पॅनेलचा वीजपुरवठा काही काळ बंद केला गेला आणि मध्यरात्रीनंतर तो पुन्हा सुरू झाल्यावर झडपा उघडून पुढच्या टाक्यांत पाणी शिरले. झडपा हाताने चालवण्यासाठी पितळी सळ्या होत्या. परंतु त्या वापरण्याचे पुरेसे शिक्षण ऑपरेटरांना मिळालेले नव्हते, आणि बंद करण्याच्या समजुतीने बहुधा झडपा उघडल्याच गेल्या. त्यानंतर भौतिकशास्त्राने सुटकेची वाटच बंद केली. पाणी उपसणारे पंप मागच्या टोकाला होते. सुमारे १२० मीटर लांबीची रिग पुढे १० अंश झुकली की दोन टोकांच्या उंचीत २० मीटरांचा फरक पडतो, आणि कोणताही पंप शोषून पाणी दहा मीटरांपेक्षा जास्त वर आणू शकत नाही, कारण ते पाणी वर ढकलणारा वातावरणाचा दाबच तेवढा असतो. कोपऱ्यातल्या खांबांत नांगरांच्या साखळ्या ठेवण्याच्या कोठ्या होत्या. त्यांची तोंडे उघडी होती. रिग कलल्यावर लाटा थेट त्यांत कोसळू लागल्या.

रात्री १२ वाजून ५२ मिनिटांनी मदतीची हाक गेली. दीड वाजता, सारे जण जीवरक्षक नौकांकडे निघाले आहेत, असा शेवटचा संदेश आला. सीफोर्थ हायलँडर हे मदतजहाज एका नौकेपर्यंत पोहोचलेही होते. नौका जहाजाला लागली, माणसे बाहेर येण्यासाठी एका बाजूला उभी राहिली आणि नौका उलटली. हे वाचताना आजही मन हेलावते, कारण सुटका हाताच्या अंतरावर होती. गोठणबिंदूजवळच्या पाण्यात पडल्यावर पहिल्या मिनिटात श्वासावर ताबा राहत नाही, पुढच्या दहा मिनिटांत हातपाय काम करेनासे होतात, आणि शुद्ध हरपायला साधारण तासभर लागतो. म्हणजे माणूस जिवंत असतो, पण समोर फेकलेला दोर त्याला पकडता येत नाही. थंड पाण्यापासून बचाव करणारे जलरोधक सूट रिगवर नव्हते. समुद्रातून केवळ २२ मृतदेह मिळाले.

आयोगाचा निष्कर्ष वाचताना एक गोष्ट फार जिव्हारी लागते. खिडकीची झाकणे लावली असती, किंवा काच फुटल्यावर पॅनेलची वीज तोडून ती बंदच ठेवली असती, तर ओशन रेंजर त्या वादळातून तरली असती. तिची पोलादी रचना लाटांपुढे हरलेली नव्हती. काहीच दिवस आधी, ६ फेब्रुवारीलाही, बॅलास्ट हाताळण्यातल्या चुकीने ती कलली होती.

त्यानंतर कॅनडात रिगवरच्या प्रत्येकासाठी सूट आणि समुद्रात जीव वाचवण्याचे प्रशिक्षण सक्तीचे झाले. ओशन रेंजर जिथे काम करत होती त्या हायबर्निया तेलक्षेत्रात १९९७ पासून उत्पादन करणारा प्लॅटफॉर्म तरंगता नाही; साडेचार लाख टन वजनाच्या काँक्रीटच्या पायावर तो सुमारे ८० मीटर खोल समुद्रतळावर बसवला आहे आणि हिमनग आदळले तरी टिकावा म्हणून त्या पायाची भिंत दातेरी केली आहे. नव्या विहिरींचा शोध मात्र आजही तरंगत्या रिगच घेतात. त्यांच्यावर जाणारे बॅलास्ट ऑपरेटर आता किनाऱ्यावर, सिम्युलेटरपुढे बसून, पॅनेल बिघडलेले असताना आणि जमीन कललेली असताना झडपा बंद करण्याचा सराव करतात.