वकील परवडत नसला तरी दिवाणी दावा करता येतो: पात्रता, कागदपत्रं आणि अर्जाचा क्रम

उसने दिलेले पैसे परत येत नाहीत. घर सोडलं तरी अनामत मिळत नाही. ठेकेदार आगाऊ रक्कम घेतो आणि काम अर्धवट टाकून निघून जातो. कोर्टाच्या हिशेबात या रकमा लहान असतात, पण ज्याचे पैसे अडकलेत त्याचं घर त्यावर चालणार असतं. २०१९ साली ‘टास्क फोर्स ऑन जस्टिस’ या आंतरराष्ट्रीय गटाने मांडलेल्या अंदाजानुसार जगातल्या सुमारे १५० कोटी लोकांना आपला कायदेशीर प्रश्न सोडवताच येत नाही. वकिलाला द्यायला पैसे कुठून आणायचे, इथेच अनेकांची गाडी अडते.

अशा माणसासाठी बऱ्याच देशांच्या कायद्यात तीन सोयी आहेत: लहान रकमेच्या दाव्याची सोपी पद्धत, कोर्ट फीची माफी आणि मोफत किंवा सवलतीतला वकील. या तिन्ही सोयी मागाव्या लागतात. न मागता क्वचितच काही मिळतं. देशागणिक फॉर्मची नावं आणि रकमेच्या मर्यादा बदलतात, पण कामाचा क्रम आणि लागणारे कागद पुष्कळसे सारखेच आहेत. तो क्रम चुकला की खरा दावाही बुडतो, म्हणून हा लेख.

सगळ्यात आधी मुदत

दाव्याची मुदत साधारणपणे वादाचं कारण घडलं त्या दिवसापासून मोजतात. तुम्ही फॉर्म कधी हातात घेतला याच्याशी तिचा संबंध नाही. भारतात १९६३ च्या मुदत कायद्याप्रमाणे उसन्या पैशांच्या वसुलीला साधारण ३ वर्षं मिळतात. इंग्लंड-वेल्समध्ये करारावरच्या दाव्याला ६ वर्षं आहेत, तर सिंगापूरच्या स्मॉल क्लेम्स ट्रायब्युनलमध्ये, म्हणजे लहान रकमेच्या दाव्यांच्या न्यायाधिकरणात, फक्त २. समोरच्याने मुदतीच्या आत देणं लेखी आणि सहीनिशी मान्य केलं असेल, तर भारत आणि इंग्लंड दोन्हीकडे मुदत नव्याने सुरू होते. त्यामुळे ‘पुढच्या महिन्यात देतो’ असं लिहून सही केलेली चिठ्ठी जपून ठेवा.

मोफत वकिलासाठी अर्ज केलाय, उत्तर यायचंय, तोवर मुदत थांबेल, असं गृहीत धरू नका. फ्रान्समध्ये मुदतीच्या आत सहाय्याचा अर्ज दिला तर दावा वाचतो, पण ही सोय सगळीकडे नाही. अर्ज देतानाच विचारून घ्या आणि उत्तर लेखी मागा. ते हातात पडेपर्यंत मुदत चालूच आहे असं समजा.

मागणीचं पत्र

दाव्याआधी समोरच्याकडे मागणी करणं बऱ्याच ठिकाणी सक्तीचं आहे. दक्षिण आफ्रिकेत लेखी पत्र देऊन १४ दिवस वाट पाहावी लागते. कॅलिफोर्नियाच्या दावा-फॉर्ममध्ये, एससी-१०० मध्ये, तुम्ही आधी पैसे मागितलेत का, असा स्वतंत्र रकाना आहे. इंग्लंडमध्ये आधी पत्र न पाठवता दावा केला, तर खर्चाच्या बाबतीत न्यायाधीश ते तुमच्या विरोधात धरू शकतात.

पत्रात राग नको. ‘तुम्ही मला फसवलंत’ या वाक्याचा कोर्टात काही उपयोग होत नाही. ‘१० मार्चला मी तुम्हाला अमुक रक्कम बँकेतून पाठवली. ३० एप्रिलपर्यंत काम पूर्ण करायचं ठरलं होतं, ते झालेलं नाही. १४ दिवसांत रक्कम परत करा, नाहीतर मी दावा दाखल करीन.’ इतकं पुरे. पत्र अशा मार्गाने पाठवा की पोचपावती तुमच्या हातात राहील. पुढे दाव्याला जोडायच्या कागदांत ही पोचपावती फार कामाची असते.

कोण कुठे बसतं

लहान रकमेच्या दाव्यात पहिली अट रकमेची. इंग्लंड-वेल्समध्ये पैशांच्या साध्या वादाला १०,००० पौंड, दक्षिण आफ्रिकेत २०,००० रँड, कॅलिफोर्नियात व्यक्तीसाठी १२,५०० डॉलर अशी मर्यादा आहे. सिंगापूरमध्ये ती २०,००० सिंगापूर डॉलर आहे, आणि दोन्ही पक्षांची लेखी संमती असेल तर ३०,०००. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात ५,००० कॅनेडियन डॉलरपर्यंतचे दावे सिव्हिल रिझोल्यूशन ट्रायब्युनलकडे जातात, आणि तिथलं बहुतेक काम घरबसल्या ऑनलाइन होतं. दोन देशांतल्या पक्षांच्या वादासाठी युरोपीय संघात २००९ पासून वेगळी पद्धत आहे. तिची मर्यादा २०१७ मध्ये २,००० वरून ५,००० युरोवर नेली. डेन्मार्क त्यात नाही, आणि मृत्युपत्र, पोटगी, नोकरीचे वादही त्यात घेत नाहीत.

येणं मर्यादेपेक्षा थोडं जास्त असेल तर दक्षिण आफ्रिका आणि कॅलिफोर्नियात वरची रक्कम सोडून देऊन मर्यादेत बसता येतं. सोडलेला भाग मात्र नंतर मागता येत नाही. एकाच येण्याचे दोन तुकडे करून दोन दावे लावणंही चालत नाही.

कॅलिफोर्निया, सिंगापूर आणि दक्षिण आफ्रिकेतल्या या कोर्टांत वकील उभा राहू शकत नाही. अनेकांना ही अडचण वाटते. मला हा सामान्य माणसाचा सगळ्यात मोठा आधार वाटतो, कारण समोर मोठी कंपनी असली तरी तिलाही आपला कर्मचारीच पाठवावा लागतो. कॅलिफोर्नियात दावा करण्याआधी एक गोष्ट नीट समजून घ्या: दावा तुम्ही लावला आणि हरलात, तर तुम्हाला अपील नाही.

विषय मोठा असेल, म्हणजे घरातून बेदखल होणं, मुलांचा ताबा, वारसा, तर सोप्या पद्धतीने भागत नाही आणि वकील लागतोच. मोफत वकिलासाठी बहुतेक देशांत दोन गोष्टी पाहतात: तुमची ऐपत आणि दाव्यात तथ्य आहे की नाही. भारतात १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ खाली स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातींतल्या व्यक्ती, दिव्यांग अशा काही गटांना उत्पन्न न पाहता सहाय्य मिळतं. इतरांना उत्पन्नाची अट आहे. इंग्लंडमध्ये एप्रिल २०१३ पासून दिवाणी सहाय्याचे बरेच विषय वगळले. पैशांच्या साध्या वादाला तिथे सहसा मोफत वकील मिळत नाही, पण फी माफी मिळू शकते.

वकील देणं ही सरकारची मेहेरबानी नाही, हे १९७९ च्या एका निकालातून ठळक झालं. आयर्लंडच्या जोहाना एअरी यांना नवऱ्यापासून कायदेशीर विभक्त व्हायचं होतं, पण वकिलाचा खर्च झेपत नव्हता. सरकारचं म्हणणं होतं की त्या स्वतः कोर्टात उभ्या राहू शकतात. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने ते फेटाळलं. इतक्या गुंतागुंतीच्या प्रकरणात बाई एकट्याने आपली बाजू नीट मांडू शकणार नाहीत, आणि कागदावरचा हक्क वापरता आला नाही तर तो हक्कच नव्हे, असा त्या निकालाचा आशय होता. पुढच्याच वर्षी आयर्लंडमध्ये दिवाणी विधी सहाय्याची योजना सुरू झाली. तुमचा अर्ज नाकारला गेला तर कारण लेखी मागा आणि फेरविचाराची सोय आहे का ते विचारा. हे मागताना संकोच वाटण्याचं कारण नाही.

कागदपत्रं

कागदांचे दोन गठ्ठे करा आणि ते वेगळेच ठेवा. एक तुमच्या ऐपतीचा, दुसरा वादाचा. ऐपतीचा गठ्ठा फी माफी आणि मोफत वकील देणाऱ्या विभागासाठी असतो, प्रतिवादीला, म्हणजे ज्याच्यावर दावा आहे त्याला, दाखवण्यासाठी नसतो.

पहिल्या गठ्ठ्यात ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, अलीकडच्या महिन्यांच्या पगारपावत्या आणि बँकेचे उतारे, सरकारी मदत मिळत असेल तर त्याचं पत्र, घरभाड्याची पावती, कर्जाचे हप्ते आणि अवलंबून असलेल्या माणसांची माहिती येते. सवलत एखाद्या गटासाठी असेल तर त्याचा दाखला लागतो. जोडीदाराचं उत्पन्नही बऱ्याच ठिकाणी धरतात. मात्र वाद त्याच जोडीदाराशी असेल तर इंग्लंडमध्ये ते धरत नाहीत. घरगुती वादात ही गोष्ट माहीत नसल्याने बायका अर्जच करत नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं.

रोजंदारीवर काम करणाऱ्याकडे पगारपावती कुठून येणार? म्हणून अर्ज अर्धवट सोडू नका. भारतात उत्पन्नाचं प्रतिज्ञापत्र चालतं. कॅलिफोर्नियाच्या फी माफीच्या फॉर्ममध्ये, एफडब्ल्यू-००१ मध्ये, तीन पर्याय आहेत: सरकारी मदत मिळते, उत्पन्न ठरलेल्या आकड्याखाली आहे, किंवा फी भरली तर घरातल्या मूलभूत गरजा भागणार नाहीत. पहिल्या दोहोंत बसत नसाल तर तिसऱ्याखाली महिन्याचा जमाखर्च लिहून अर्ज करता येतो. इंग्लंडमध्ये ईएक्स १६० फॉर्म किंवा ऑनलाइन अर्ज आहे. तिथे फी आधीच भरून झाली असेल तरी ३ महिन्यांच्या आत परतावा मागता येतो.

दुसऱ्या गठ्ठ्यात करार, पावत्या, बँकेतून पैसे गेल्याची नोंद, मागणीचं पत्र, पोचपावती, फोटो आणि संदेश. लेखी करार नसेल तर घाबरू नका. तोंडी व्यवहारही बहुतेक ठिकाणी ग्राह्य असतात, फक्त ते इतर कागदांतून दिसायला हवेत. मोबाइलवरच्या संदेशांचे स्क्रीनशॉट घेताना तारीख आणि समोरच्याचा नंबर दिसला पाहिजे. मधला एकच संदेश कापून देऊ नका, मागचापुढचा भागही द्या. सगळं तारखेच्या क्रमाने लावा, पानांना आकडे घाला आणि वर एका पानाची यादी जोडा. मूळ कागद स्वतःकडे ठेवून प्रती द्या. सुनावणीला मात्र मूळ कागद बरोबर न्या.

प्रतिवादीचं नाव आणि पत्ता, यात चूक करू नका. दुकानाच्या पाटीवरचं नाव आणि कायद्याने नोंदलेलं नाव वेगळं असू शकतं. चुकीच्या नावावर निकाल मिळाला तर वसुली करताना हात रिकामेच राहतात.

फॉर्म भरणं आणि पुढचे टप्पे

युरोपीय पद्धतीतला ‘फॉर्म ए’ पाहिला तर कोणताही दावा-फॉर्म काय विचारतो ते कळतं: कोर्ट कोणतं, वादी-प्रतिवादी कोण, या कोर्टालाच अधिकार का, रक्कम किती आणि व्याज किती, काय घडलं, पुरावा कोणता. ‘काय घडलं’ या जागेत थोडक्यात, तारखेनुसार लिहा आणि प्रत्येक विधानापुढे गठ्ठ्यातल्या पानाचा आकडा द्या. फॉर्म कोर्टाच्या भाषेत भरावा लागतो. काही राहिलं तर कोर्ट ‘फॉर्म बी’ पाठवून दुरुस्तीला वेळ देतं. ती मुदत हुकवू नका.

फी माफीचा अर्ज दाव्याबरोबरच द्या. प्रत घेऊन कोर्टाचा शिक्का मारून घ्या.

त्यानंतर समन्सची बजावणी, म्हणजे दाव्याचे कागद प्रतिवादीपर्यंत पोचवणं. कॅलिफोर्नियात वादी स्वतः कागद देऊ शकत नाही, वादाशी संबंध नसलेल्या प्रौढ माणसाकडून ते द्यावे लागतात. युरोपीय पद्धतीत प्रतिवादीला उत्तरासाठी ३० दिवस मिळतात. इंग्लंडमध्ये मे २०२४ पासून पैशांच्या लहान दाव्यांत फोनवरची तासाभराची मध्यस्थी सक्तीची आणि मोफत आहे. तडजोडीत कमीत कमी किती रकमेवर तुम्ही थांबाल ते आधीच ठरवून ठेवा.

निकाल तुमच्या बाजूने लागला म्हणजे पैसे आपोआप येत नाहीत. समोरच्याने दिले नाहीत तर वसुलीसाठी पुन्हा वेगळा अर्ज, भारतात दरखास्त, करावी लागते. त्यासाठी प्रतिवादीचं बँक खातं, नोकरीचं ठिकाण, मालमत्ता यांची माहिती लागते, तेव्हा तिची नोंद दाव्याच्या आधीपासून ठेवा. युरोपीय पद्धतीत ‘फॉर्म डी’ हे प्रमाणपत्र घेतलं की दुसऱ्या सदस्य देशातही थेट वसुली करता येते. इंग्लंडमध्ये वसुलीच्या अर्जालाही फी आहे आणि तिलाही माफी मिळते, पण प्रत्येक फीसाठी अर्ज नव्याने द्यावा लागतो. त्यामुळे पैसे हातात येईपर्यंत ऐपतीचा गठ्ठा ताज्या कागदांसह तयार ठेवा.