लाईटच बंद करायची तर शटडाउन कशाला?

मिरगाचा पाऊस लागला की आमच्या फोंड्याच्या बाजूला लाईट येते-जाते, जाते-येते, त्यात नवीन काही नाही. पण याच दिवसांत दोन प्रकारची माणसं भेटतात. एक म्हणतात, शेवटी वीजच तोडायची ना, मग माऊसने शटडाउन केलं काय आणि भिंतीवरचा स्विच मारला काय. दुसरे लाईट गेली रे गेली की "हार्डडिस्क जळली" म्हणून डोक्याला हात लावतात. दोघंही मशीनचाच विचार करतात. मशीन स्वतःला बऱ्यापैकी सांभाळतं, मार खातो तो आपला डेटा.

हार्डडिस्कचंच बघा. आत तबकडी मिनिटाला 5400 नाहीतर 7200 फेरे घेते आणि तिच्यावरचं लिहिणारं-वाचणारं हेड काही नॅनोमीटर उंचीवर तरंगत असतं, तेही तबकडीसोबत ओढल्या जाणाऱ्या हवेच्या जोरावर. वीज गेली की तबकडी मंदावणार, हवेचा आधार सुटणार, हेड खाली टेकणार, सगळं खरवडून निघणार. मग तसं रोज का होत नाही? कारण वीज तुटली तरी तबकडी तिच्या वेगाने थोडा वेळ फिरतच राहते, आणि बाहेरची वीज नसताना फिरणारी मोटर म्हणजे शाळेत शिकलेला जनरेटरच की! तिच्यातून जी थोडीशी वीज निघते तेवढ्यावर हेड मागे खेचून बाजूच्या रॅम्पवर नेऊन ठेवलं जातं. जरा धसमुसळेपणाने होतं, रोज रोज करू नये, पण होतं. ज्याला हे सुचलं त्याला माझा दंडवत.

आता डेटा. तुम्ही सेव्ह दाबता, गोल फिरतं, थांबतं, तुम्हाला वाटतं झालं. बहुतेक वेळा ते फक्त रॅममध्ये झालेलं असतं, म्हणजे लाईट गेली की पुसली जाते त्या तात्पुरत्या मेमरीत. डिस्क रॅमच्या मानाने फारच हळू, म्हणून ऑपरेटिंग सिस्टीम लिहायचं काम साठवून ठेवते आणि सवडीने करते. लिनक्समध्ये नेहमीच्या सेटिंगला असा डेटा 30 सेकंदांपर्यंत रॅममध्ये थांबू शकतो. विंडोज दर सेकंदाला थोडं थोडं उतरवत असतं. त्यात डिस्कच्या आत तिची स्वतःची वेगळी कॅश, म्हणजे तात्पुरता साठा, असते, म्हणजे "पोचलं" म्हणून डिस्कने सांगितलं तरी ते तबकडीवर उतरलंच असं नाही.

खरी गोम पुढे आहे. एक फाईल सेव्ह करायची म्हणजे डिस्कवर एकाच जागी लिहिणं नसतं, मजकूर एकीकडे, फाईलचं नाव फोल्डरच्या यादीत, कुठली जागा भरली आणि कुठली रिकामी याची नोंद तिसरीकडे. यातली दोन झाली आणि तिसरीच्या आधी लाईट गेली तर नोंदी एकमेकींशी जुळत नाहीत. यावर उपाय म्हणजे जर्नल. आमच्या वाड्यावरचा पसरकार, म्हणजे किराणा दुकानदार, गर्दीच्या वेळी उधारी कच्च्या वहीत मारतो आणि दुपारी पक्क्या खात्यावर चढवतो, तसंच. काय बदलणार ते आधी जर्नलमध्ये लिहायचं, "नोंद पूर्ण" अशी खूण करायची, मग खरी जागा बदलायची. लाईट परत आली की सिस्टीम जर्नल वाचते, खूण असलेली नोंद पुन्हा चढवते, अर्धवट असेल ती टाकून देते. डिस्कवर फाईली मांडायची विंडोजची पद्धत म्हणजे एनटीएफएस, तिच्यात हे 1993 पासून आहे, लिनक्सच्या ईएक्सटी3 या पद्धतीत 2001 मध्ये आलं. पेन ड्राइव्हवरच्या फॅट32 ला जर्नलच नाही, म्हणून तो चालू असताना उपटू नका. आणि हे सगळं चालायला खूण खरंच नोंदीनंतरच डिस्कवर उतरली पाहिजे, डिस्क तर सोयीने क्रम बदलते, म्हणून मध्येच "कॅश रिकामी कर" असा वेगळा हुकूम द्यावा लागतो. इथपर्यंत डोकं गरगरलं असेल तर एवढंच धरा, की एनटीएफएसचं जर्नल नोंदी वाचवतं, मजकूर नाही. फाईल जागेवर दिसते, साइजही बरोबर, आणि उघडली तर आत शून्यं. एसएसडीला, म्हणजे तबकडीऐवजी चिपवर डेटा ठेवणाऱ्या डिस्कला, हेड नाही, पण कुठला डेटा कुठे आहे याचा तक्ता तिलाही सांभाळावा लागतो, आणि अचानक वीज गेल्यावर तो उतरवून घ्यायला लागणारे, थोडी वीज साठवून ठेवणारे कपॅसिटर सर्व्हरच्या महागड्या एसएसडीत असतात, घरच्यांत बहुधा नसतात.

शटडाउन म्हणजे ही सगळी उधारी चुकती करणं. प्रोग्रामना बंद व्हायला सांगायचं, रॅममधलं डिस्कवर उतरवायचं, डिस्कला तिची कॅश रिकामी करायला लावायची, हेड नीट बाजूला ठेवायचं, आणि मगच वीज तोडायची. पॉवर बटण चार-पाच सेकंद दाबून धरलं की यातलं काहीच होत नाही, म्हणून ते मशीन पूर्ण अडकलं तरच.

विंडोज 8 पासून एक भानगड आहे, फास्ट स्टार्टअप. ते चालू असेल तर शटडाउन केलं तरी सिस्टीमचा गाभा डिस्कवर जसाच्या तसा साठवला जातो आणि सकाळी तोच परत उचलला जातो. टास्क मॅनेजरमध्ये अपटाइम, म्हणजे सिस्टीम किती वेळ सलग चालू आहे ते, बघा, रोज बंद करूनही कित्येक दिवस दिसेल. नव्याने सुरू व्हायला हवं तर रीस्टार्ट करा, नाहीतर शिफ्ट दाबून शटडाउन. डेस्कटॉपवर राइट क्लिक करून दहादा रिफ्रेश मारल्याने रॅम साफ होत नाही, फक्त आयकॉन पुन्हा रंगवले जातात, खंडेनवमीला सीपीयूला कुंकू लावण्याचा जेवढा उपयोग तेवढाच याचा. (कुंकू लावा, पण फॅनच्या जाळीवर नको.)

घरी इन्व्हर्टर असेल तर त्यावर यूपीएस मोडचं बटण आहे का बघा. लाईट गेल्यावर कम्प्युटरचा पॉवर सप्लाय जेमतेम 16-17 मिलिसेकंद दम धरतो, साध्या मोडमध्ये इन्व्हर्टरला बॅटरीवर जायला त्याहून जास्त वेळ लागू शकतो आणि पंखा चालू राहून कम्प्युटर मात्र रीस्टार्ट होतो. आणि ढगांचा गडगडाट सुरू झाला तर नुसतं शटडाउन पुरत नाही, कारण बंद डेस्कटॉपमध्येही 5 व्होल्टचा स्टँडबाय पुरवठा चालूच असतो. प्लग काढा, आणि राउटरकडून येणारी तांब्याची नेटवर्क केबलसुद्धा, तिच्यातूनही वीज आत शिरते.