दारू पिऊन अपघात झाला तर विमा कंपनी काय भरते आणि नंतर तुमच्याकडून काय वसूल करते

पॉलिसीच्या नूतनीकरणाला आलेले ग्राहक आमच्या टेबलासमोर बसून हमखास म्हणतात, "फुल इन्शुरन्स आहे ना, मग काळजी कसली?" काळजीचे एक कारण आहे: दारू. हुर्राकाचे (काजूच्या हंगामी दारूचे) दिवस, शिगमो, सांजांव, नाताळ आणि मधली लग्नसराई धरली तर आपल्या गोव्यात हे कारण जवळजवळ वर्षभर पुरते. गाडी चालवणारा प्यायलेला असेल तर त्या फुल इन्शुरन्सचा बराचसा भाग तुमच्या उपयोगाला येत नाही. पॉलिसीतल्या बारीक अक्षरांत हे लिहिलेले असते, पण ती वाचायला कोणाला वेळ आहे? म्हणून हे पत्रक.

आधी स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे पाहू. याला आम्ही ओडी म्हणतो. मालक किंवा त्याच्या माहितीने आणि संमतीने गाडी चालवणारी व्यक्ती दारूच्या किंवा अमली पदार्थांच्या अमलाखाली असताना झालेले नुकसान भरून मिळणार नाही, असे कलम गाडीच्या पॉलिसीत असते. झीरो डेप (घसारा न कापता भरपाई देणारे कव्हर) घेतले आहे, इंजिनाचे वेगळे कव्हर घेतले आहे, तरी या कलमापुढे त्यांचा उपयोग नाही. मालक-चालकाचा 15 लाखांचा वैयक्तिक अपघात विमासुद्धा याच कारणाने नाकारला जातो. म्हणजे घरचा कर्ता माणूस गेला तर मागे राहिलेल्यांना तेही पैसे नाहीत.

खरा मोठा आकडा मात्र थर्ड पार्टीचा. समोरचा माणूस जखमी झाला किंवा दगावला, तर त्याची भरपाई मोटार अपघात दावा न्यायाधिकरण ठरवते आणि मृत्यू वा दुखापतीच्या भरपाईला कमाल मर्यादा नाही. एक हिशेब करून दाखवतो. मृत व्यक्ती 34 वर्षांची, खासगी नोकरीत, पगार महिना 25,000. मागे बायको, दोन मुले, आई. सर्वोच्च न्यायालयाने घालून दिलेल्या रीतीप्रमाणे पुढच्या वाढीचे 40 टक्के धरून पगार होतो 35,000. त्यातून त्याचा स्वतःचा खर्च म्हणून चौथा हिस्सा वजा केला की उरतात 26,250, म्हणजे वर्षाला 3,15,000. या वयाचा गुणक, म्हणजे वर्षाच्या रकमेला गुणायचा आकडा, 16. एकूण 50 लाख 40 हजार रुपये. अंत्यविधी वगैरे बाबी आणि दाव्याच्या तारखेपासूनचे व्याज वेगळे.

हे पैसे मृताच्या घरच्यांना बहुतेक वेळा विमा कंपनीच देते. दारूड्या चालकाच्या चुकीची शिक्षा त्या विधवेला का, असा न्यायालयांचा विचार असतो आणि तो योग्यच आहे. पण मोटार वाहन कायद्यात 2019 साली दुरुस्ती झाली तेव्हा दारूच्या अमलाखाली गाडी चालवणे हे कंपनीला बचावाचे कारण म्हणून स्पष्ट लिहिले गेले. त्यामुळे न्यायाधिकरण कंपनीला सांगते: आधी त्यांना भरा आणि मग मालकाकडून व चालकाकडून वसूल करा. तुमच्या पॉलिसीतही तसे कलम आहे. कायद्याच्या बंधनामुळे कंपनीला जे भरावे लागले, ते तुम्ही कंपनीला परत द्यायचे, हे तुम्ही पॉलिसी घेतानाच मान्य केलेले असते.

वसुलीसाठी कंपनीला नवा दिवाणी दावा लावावा लागत नाही. त्याच निवाड्यावर अंमलबजावणीचा अर्ज करता येतो. गाडी, बँकेतील ठेव, जागा, काहीही जप्तीत जाऊ शकते. न्यायाधिकरणाच्या निवाड्याची रक्कम जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करण्याचीही कायद्यात सोय आहे. वर काढलेले 50 लाख आपल्या घरावर लावून पाहा.

"पण कंपनी सिद्ध कशी करणार?" हा पुढचा प्रश्न. फौजदारी गुन्ह्यासाठी मर्यादा 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम आहे. ती ओलांडून पहिल्यांदा सापडल्यास 6 महिन्यांपर्यंत कैद, 10,000 रुपये दंड किंवा दोन्ही. हुर्राक हलका म्हणून लिंबू-सोडा घालून दोन-तीन ग्लास सहज जातात, पण त्यात 15 टक्क्यांच्या आसपास दारू असते, बिअरच्या दुपटीहून जास्त. चाचणी झालीच नाही म्हणूनही निश्चिंत राहता येत नाही. दिल्लीत 2007 मध्ये एक पोर्श गाडी फुटपाथवर आदळून निकामी झाली. तिच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये सांगितले की चाचणीचा अहवाल नसला तरी इतर पुराव्यांवरून कंपनी दारूचा अंमल दाखवू शकते. तिथे दाव्याचे पैसे मिळाले नाहीत. बांबोळीला गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) कॅज्युअल्टीत डॉक्टरने केस पेपरवर "श्वासाला दारूचा वास" एवढी ओळ लिहिली, तरी कंपनीसाठी दावा तपासणारा सर्व्हेअर ती शोधून काढतो. पोलिसांना चाचणी नाकारली तर ते नाकारणेच तुमच्याविरुद्ध पुरावा ठरू शकते.

गाडी दुसऱ्याच्या हातात देणाऱ्यांनी हे नीट वाचावे. मुलगा, त्याचा मित्र, पगारी चालक, कोणीही असो, तुम्ही किल्ली दिली म्हणजे तुमची संमती होती असेच कंपनी धरते. "तो पिणार हे मला ठाऊक नव्हते" हे सांगता येते, पण पटवून देणे कठीण. प्यायलेला आहे हे माहीत असताना गाडी दिलीत तर गुन्ह्याला साहाय्य केल्याचे वेगळे कलमही लागू शकते. जुनी स्कूटर विकली आणि आरटीओत नाव बदलले नाही, तर कायद्याच्या दृष्टीने मालक तुम्हीच. अशा स्कूटरी फोंड्यात किती फिरत असतील, देव जाणे.

अपघात झालाच तर जखमींना आधी इस्पितळात पोचवा, पोलिसांना कळवा आणि आम्हाला फोन करा. चालक बदलून दाखवण्याचा सल्ला देणारे चौकात पुष्कळ भेटतील. तो ऐकू नका. दावा अर्जात चालक मादक पदार्थांच्या अमलाखाली होता का, असा प्रश्न असतो आणि त्याखाली तुमची सही असते. सीसीटीव्हीत दुसराच माणूस दिसला तर आधीच्या अडचणीत खोटेपणाची भर पडते. उलट, कोणी प्यायलेले नसताना कंपनीने दारूचे कारण देऊन दावा नाकारला, तर सिद्ध करण्याची जबाबदारी कंपनीची. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. दाद मिळाली नाही तर पुण्याचे विमा लोकपाल कार्यालय गोव्याच्या तक्रारी घेते आणि ग्राहक आयोगाचा मार्गही आहे. ही पत्रे आम्ही लिहून देतो, त्याचे वेगळे पैसे घेत नाही.

न्यायाधिकरणाची नोटीस आली की लोक ती कपाटात ठेवून देतात, कंपनीचा वकील पाहील म्हणून. दारूचा मुद्दा असेल तर तोच वकील तुमच्याविरुद्ध उभा असतो. तुम्ही हजर राहिला नाहीत तर वसुलीचा आदेश एकतर्फी होतो. म्हणून नोटीस मिळताच स्वतःचा वकील करा आणि तिची झेरॉक्स पॉलिसीच्या प्रतीसह आमच्याकडे आणून द्या.