हिमोग्लोबिन वाढलं, फेरिटिनचं काय?

"रक्त वाढलं, आता गोळ्या बंद." हिमोग्लोबिन ११.२ वरून १२.३ झालेलं असतं, गोळीने मळमळून जीव नकोसा झालेला असतो, शौचाला काळं होतं म्हणून घरातले वेगळेच घाबरलेले असतात. (लोहाच्या गोळ्यांनी तसं होतंच. डांबरासारखं चिकट आणि फार घाण वासाचं असेल तरच डॉक्टरांना गाठायचं.) मग उरलेली पट्टी फ्रिजवर पडून राहते आणि काही महिन्यांत जिना चढताना पुन्हा धाप लागते.

घोळ दोन आकड्यांचा आहे. हिमोग्लोबिन हे तांबड्या पेशींत कामाला लागलेलं लोह. फेरिटिनवरून कळतो तो यकृत आणि अस्थिमज्जेत शिलकीला ठेवलेला साठा. स्वयंपाकघरातल्या डब्यातले तांदूळ आणि कणगीतले तांदूळ म्हणा. तुटवडा पडला की आधी कणगी उपसली जाते, डबा त्यानंतर रिता दिसतो. गोळ्या सुरू केल्यावर मात्र आधी डबा भरतो. म्हणूनच हिमोग्लोबिन नॉर्मलला आल्यावरही साधारण तीन महिने गोळ्या चालू ठेवायला सांगतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येनुसार गरोदर नसलेल्या स्त्रीचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेलं की ॲनिमिया, आणि ११ ते ११.९ म्हणजे सौम्य. पुरुषांसाठी सीमा १३ ची. फेरिटिन १५ च्या खाली असेल तर साठा संपल्यात जमा. बरेच डॉक्टर ३० च्या खालीच सावध होतात. आता रक्तदान शिबिर आठवा. बोटाला टोचून काढलेला थेंब निळ्या मोरचुदाच्या द्रावणात सोडतात. तो बुडाला की हिमोग्लोबिन १२.५ च्या वर आहे असं धरून तुम्हाला खाटेवर घेतात. त्या थेंबाला साठ्याची काहीच खबर नसते. ३५० मिलिलिटरच्या एका पिशवीबरोबर सुमारे दीडशे मिलिग्रॅम लोह निघून जातं, त्यामुळे नियमित रक्तदान करणाऱ्यांनी, विशेषतः पाळीत जास्त रक्तस्राव होणाऱ्या बायकांनी, कधीतरी फेरिटिन करून घ्यावं.

साठा लवकर भरावा म्हणून दिवसातून दोन-तीन गोळ्या घेण्यात फारसा अर्थ नाही. गोळी घेतली की शरीरात हेप्सिडिन नावाचं संप्रेरक वाढतं आणि ते साधारण दिवसभर पुढच्या लोहाचं शोषण कमी करतं. त्यामुळे सौम्य ॲनिमियात आता अनेक डॉक्टर दिवसाआड एकच गोळी देतात, पोटालाही ती जास्त सोसते. गरोदरपणात मात्र आपल्या मनाने दिवसाआड करू नये. तिथे रोजची गोळी ठरलेली आहे. आणि चहा! जेवणानंतर गोळी आणि लगेच वर कपभर चहा ही आपली खास रीत. चहा, दूध, कॅल्शियम आणि ॲसिडिटीच्या गोळ्या यांच्यापासून लोहाची गोळी दोनेक तास तरी लांब ठेवा. थायरॉइडच्या गोळीपासून चार तास.

फेरिटिनही कधीकधी फसवतं, हे फार कमी लोकांना सांगितलं जातं. ताप, जंतुसंसर्ग, संधिवात, यकृताची सूज असली की ते उगाच वर जातं. डेंग्यूतून उठल्याउठल्या केलेल्या तपासणीत ९० आलं म्हणून साठा भरला असं समजायचं कारण नाही. बरं वाटल्यावर काही आठवड्यांनी पुन्हा करावी. उलट फेरिटिन कमी आलं, तर त्यावर निःशंक विश्वास ठेवावा. ते जवळजवळ नेहमी लोह कमी असल्यानेच घसरतं.

महिनाभर नीट गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन एखाद्या अंकानेसुद्धा हललं नाही, तर दोन्ही आकडे शेजारीशेजारी ठेवा. दोन्ही कमी असतील तर रक्त कुठून जातंय का ते बघायला हवं. पुरुष असेल किंवा पाळी थांबलेली बाई असेल तर पोटाची, आतड्याची तपासणी टाळू नये. हिमोग्लोबिन कमी, तांबड्या पेशी आकाराने लहान आणि फेरिटिन मात्र भरपूर, असं असेल तर थॅलेसेमिया मायनरची (आईवडिलांकडून आलेला, एरवी फारसा त्रास न देणारा हिमोग्लोबिनचा दोष) शंका घेऊन हिमोग्लोबिन इलेक्ट्रोफोरेसिस ही हिमोग्लोबिनचे प्रकार तपासणारी रक्ततपासणी करतात. तसं निघालं आणि साठा भरलेला असेल तर लोहाच्या गोळ्या वर्षभर खाल्ल्या तरी तो आकडा वाढणार नाही. लग्न ठरलेलं असेल तर जोडीदाराचीही ती तपासणी करून घ्यावी लागते, कारण दोघांतही हा दोष असला तर मुलाला गंभीर थॅलेसेमिया होऊ शकतो.