निकाल आधी, गुण नंतर

नेतृत्वावरच्या पुस्तकांच्या गर्दीत जिम कॉलिन्स यांचं 'गुड टू ग्रेट' (२००१) वेगळं ठरतं ते त्यातल्या मेहनतीमुळे. कॉलिन्स आणि त्यांच्या चमूनं १,४३५ अमेरिकी कंपन्या चाळल्या. समभागांवर आधीची पंधरा वर्षं बाजाराइतका किंवा त्याहून कमी परतावा आणि पुढची पंधरा वर्षं बाजाराच्या किमान तिप्पट, अशी अट लावली. उरल्या फक्त ११. मग या कंपन्यांच्या प्रमुखांत समान काय होतं ते शोधलं. उत्तर निघालं: मिरवायची हौस नसलेली, पण कामात कमालीची हट्टी माणसं.

पुढे काय झालं? या अकरांपैकी सर्किट सिटी या इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या दुकानसाखळीनं नोव्हेंबर २००८ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. गृहकर्जाच्या धंद्यातली फॅनी मे त्याच्या दोनच महिने आधी सरकारी नियंत्रणाखाली गेली होती. ग्राहकांच्या नावानं परस्पर खाती उघडल्याची वेल्स फार्गो बँकेची भानगड २०१६ मध्ये चव्हाट्यावर आली. अर्थात तोवर पुस्तकातले प्रमुख खुर्ची सोडून गेले होते, त्यामुळे एवढ्यावरून कॉलिन्स यांना झोडपणं बरोबर नाही. शिवाय टोकाच्या यशात नशिबाचाही हात असतो, आणि असा निवडक गट पुढे सरासरीकडे घसरणारच.

खरी गोम माहितीतच आहे. प्रमुख कसा होता हे कळणार कुठून? बातम्या, लेख, सहकाऱ्यांच्या मुलाखती. यातलं बरंचसं बोलणं निकाल माहीत असलेल्यांचं.

बॅरी स्टॉ या संशोधकानं १९७५ मध्ये याचा छडा लावला. लोकांचे छोटे गट केले, एका कंपनीची आर्थिक माहिती हातात दिली आणि पुढच्या विक्रीचा व प्रतिसमभाग कमाईचा अंदाज बांधायला सांगितलं. नंतर काही गटांना कळवलं, 'तुमचं काम उत्तम', काहींना 'तुमचं काम सुमार'. हे शेरे चिठ्ठ्या टाकून ठरवल्यासारखे दिले होते, प्रत्यक्ष कामाशी त्यांचा संबंध नव्हता. त्यानंतर प्रश्नावली: तुमच्या गटात एकोपा होता का? संवाद कसा होता? नव्या कल्पनांना वाव होता का? 'उत्तम' शेरा मिळालेल्यांना आपल्या गटात हे सगळं भरभरून दिसलं. 'सुमार'वाल्यांना त्या मानानं कमी. खोलीत बसून स्वतः काम केलेल्या माणसांची ही कथा, तर वीस वर्षांनी आठवणी सांगणाऱ्या उपाध्यक्षांचं काय घेऊन बसलात! सामना जिंकला की कर्णधार शांत डोक्याचा, हरला की तोच थंड.

मग ही पुस्तकं रद्दीत घालायची? नाही. नेतृत्व शिकवता येतं, हे संशोधनातून दिसलं आहे. २०१७ मध्ये नेतृत्व-प्रशिक्षण घेतलेल्या लोकांच्या ३३५ नमुना-गटांवरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. प्रशिक्षणाचा उपयोग होतो, आणि जिथे प्रत्यक्ष सराव, त्यावर कुणीतरी दिलेला अभिप्राय आणि अंतरानं घेतलेली सत्रं असतात तिथे तो जास्त होतो, असं त्यात आढळलं. पुस्तक अभिप्राय देऊ शकत नाही, पण सराव कशाचा करायचा ते सांगू शकतं. म्हणून 'हाताखालच्या माणसाला चूक कशी दाखवावी' असलं रुक्ष प्रकरण मी पेन्सिल घेऊन वाचतो. संस्थापक पहाटे चारला उठून काय करायचे, ती पानं मात्र सरळ उलटतो.